विषय चुलीपाशीच होता

(सामुदायिक रेडिओवर महिला मंडळांच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)

रेडिओ शेजारी ठेवून भाकरी थापणाऱ्यांना नमस्कार, आणि बांधावर मोबाईल टांगून खुरपणाऱ्यांनाही नमस्कार.

आज मी शोधनिबंधाच्या विषयाबद्दल बोलणार आहे. नाव ऐकून बटण बंद करू नका. तुमच्या घरात कुणी कॉलेजला असेल, लेक असेल, सून असेल, धाकटी नणंद असेल, तर आज ना उद्या तिच्यावर हे येणारच आहे. नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून पदवीच्या मुलामुलींनासुद्धा फील्ड प्रोजेक्ट करावा लागतो. बाहेर जायचं, लोकांशी बोलायचं, बघायचं आणि लिहून द्यायचं. त्यात हमखास दिला जाणारा विषय म्हणजे ‘दैनंदिन जीवनातील तंत्रज्ञान’. पोरगी घरी येते, मोबाईल उघडते, ‘मोबाईल : शाप की वरदान’ असं काहीतरी शोधते आणि वीस पानं उतरवून काढते. मार्क मिळतात, वही माळ्यावर जाते. ती वही पुन्हा कुणी उघडत नाही. तिनं स्वतःही नाही.

मी कुणाला हसत नाही हं. मी स्वतः तेच केलं होतं.

माझं लग्न दहावीच्या निकालाच्या आधी झालं. निकाल सासरी कळला. पुढं दोन लेकरं, शेत, बचत गटाचं सचिवपद. गटाचे हिशेब लिहिता लिहिता पुन्हा शिकावंसं वाटलं. मुक्त विद्यापीठातून बी.ए. झाले तेव्हा थोरला बारावीला होता. मग एम.ए.ला नाव घातलं, आणि तिथं शेवटी हा शोधनिबंध आडवा आला. मी मोठ्या हौसेनं विषय लिहून नेला : ‘आधुनिक तंत्रज्ञानाचा ग्रामीण स्त्रीजीवनावरील परिणाम’. अक्षरसुद्धा वळणदार काढलं होतं.

मार्गदर्शक मॅडमनी कागद वाचला, पेन्सिल घेतली आणि एकेका शब्दाला गोल केला. म्हणाल्या, “ताई, यातली ग्रामीण स्त्री कोण? नाव सांगा. तुम्ही, की तुमच्या सासूबाई, की तुमची जाऊ?” मी गप्प. “तंत्रज्ञान कोणतं? हापसा पण तंत्रज्ञान आणि एटीएम पण तंत्रज्ञान.” मी गप्प. “आणि परिणाम झाला हे तुम्ही कशावरून म्हणणार?” मी कागद घेऊन उठले. स्टँडवर गाडीची वाट बघत बसले तेव्हा डोळ्यात पाणी आलं होतं. चाळिशीतल्या बाईला शिकवायला निघाल्यात, असं मनात आलं. आता कबूल करते, राग त्यांचा नव्हता, माझाच होता.

दुसऱ्या खेपेला मी नेलं : ‘मोबाईलमुळे मुले बिघडतात काय?’ मॅडम म्हणाल्या, “तुम्हाला याचं उत्तर काय वाटतं?” म्हटलं, “बिघडतातच की!” त्या म्हणाल्या, “मग शोध कशाचा करायचा? तुम्ही दहा आयांना भेटाल, त्या दहा जणी माना हलवतील आणि तुम्ही लिहाल की बिघडतात. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे, तो विषय नव्हे. ते आपलं मत.”

हे मात्र मनात रुतलं. कारण खरंच होतं. मला मोबाईलबद्दल काही शोधायचं नव्हतंच, मला फक्त माझ्या धाकट्यावरचा राग काढायचा होता.

त्या दिवशी घरी यायला दिवेलागण झाली. पडवीत आमच्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, चुलीपुढं बसल्या होत्या. तुराट्या मोडून चुलीत सारत होत्या. धूर सगळा त्यांच्या तोंडावर. आत ओट्यावर गॅसची शेगडी, तिच्यावर भरतकामाचं झाकण, झाकणावर लिंबाचं ताट. गॅस आत्यांच्याच नावावर आलेला. तुम्हाला आठवत असेल, २०१६ च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना उत्तर प्रदेशात बलिया इथं सुरू झाली. जोडणी घरातल्या बाईच्या नावानं द्यायची, आणि अनामत वगैरे धरून जोडणीमागं १६०० रुपयांचा भार सरकारनं उचलायचा, अशी ती योजना. आमच्या वस्तीवर ती आली तेव्हा शेगड्यांना हळदीकुंकू लावलं होतं बायांनी.

मी सहज विचारलं, “आत्या, गॅस असून चूल का पेटवता?”

“गॅसवर भाकरी फुगते होय?”

“मग चहा गॅसवर का?”

“पाव्हणा आला की लवकर द्यावा लागतो म्हणून.”

“आणि आपल्या घरातल्यांचा चहा?”

आत्यांनी माझ्याकडं बघितलं आणि फुंकणी तोंडाला लावली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना तेच विचारलं, तर त्या भाकरीचं नावही काढेनात. त्यांचं उत्तर वेगळंच, की गाडी मंगळवारी येते आणि मंगळवारी त्या कामाला असतात. तिसऱ्या घरी आणखी वेगळं. तेव्हा मला उमगलं की हा असा प्रश्न आहे ज्याचं उत्तर मला ठाऊक नाही. चोवीस तास ज्या चुलीच्या धुरात वावरले, तिच्याबद्दल मला ठाऊक नाही! तिसऱ्या खेपेला मी मॅडमना एकच ओळ लिहून दिली : ‘गॅस आला, तरी चूल का पेटते?’ मॅडमनी पेन्सिल बाजूला ठेवली.

निबंधाला पुढं जरा भारदस्त नाव द्यावं लागलं, ते आपलं रीतीप्रमाणं. पण माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर शेवटपर्यंत तीच ओळ होती. तुमच्या मुलीला सांगा, आधी प्रश्न साध्या बोलीत लिही, जसा तू आईला विचारशील तसा. विद्यापीठाचे कपडे त्याला नंतर घालता येतात. आधी कपडे शिवले की आत माणूसच सापडत नाही.

मग तो प्रश्नही लहान करावा लागला. मी म्हणत होते, सगळा तालुका करते. मॅडमनी विचारलं, “फिरणार कशानं?” पायी. “वेळ कधी?” दुपारी दोन ते चार. “मग पायी जाऊन चारच्या आत परत येता येईल तेवढा तालुका घ्या.” अशी आमची वस्ती ठरली, गॅस असलेली अकरा घरं. मला फार कमी वाटली. पण त्या अकरा घरांत मी उन्हाळ्यात गेले, पावसाळ्यात गेले आणि तुरीची काढणी झाल्यावर पुन्हा गेले, तेव्हा कळलं की अकरा घरंसुद्धा पुरून उरतात.

आता मी जिथं चुकले ते सांगते, कारण तुमच्या मुली हीच चूक करणार आहेत.

पहिल्या घरी मी वही उघडून विचारलं, “तुम्ही गॅस का वापरत नाही?” बाई म्हणाल्या, “वापरतो की!” आणि मला दिसत होतं, शेगडीच्या नळीचं दुसरं टोक मोकळं लोंबतंय, टाकीच नाही. मी पुन्हा विचारलं. त्यांनी विषय बदलला, मग उठून आत गेल्या. मी बाहेर बसून राहिले. घरी आल्यावर कळलं मी काय केलं ते. त्यांच्याकडं टाकी भरायला पैसे नव्हते, आणि मी त्यांना ते माझ्यासमोर, वहीत, शाईनं कबूल करायला सांगत होते. ‘का नाही’ या शब्दात आरोप असतो. सासू विचारते तसा.

मग मी प्रश्न बदलला. “काल संध्याकाळी काय केलं होतं जेवायला?” “वांग्याची भाजी, भाकरी.” “भाजी कशावर केली? भाकरी कशावर? आंघोळीचं पाणी कशावर तापवलं?” बस. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. बाया भराभरा सांगायला लागल्या. आणि ‘नेहमी काय करता’ असंही विचारायचं नाही. ‘नेहमी’ म्हटलं की माणूस जे करायला हवं ते सांगतो, ‘काल’ म्हटलं की जे केलं ते सांगतो. मला वाटलं हे मीच शोधून काढलं. मॅडम हसल्या. म्हणाल्या, सरकारसुद्धा असंच विचारतं. २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी झाली, त्यात पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंत काय काय केलं तेच लोकांना विचारलं होतं. त्यात निघालं की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात, आणि असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. २९९ मिनिटं म्हणजे पाच तासांना एकच मिनिट कमी. हे ऐकून आमच्या गटातली एक जण म्हणाली, ते ९७ मिनिटंवाले पुरुष कुठल्या गावचे आहेत ते तरी विचारा.

तर काय सापडलं? मला वाटलं होतं पैसा हे एकच कारण निघेल. पैसा होताच. त्या वेळी टाकीची पूर्ण किंमत आधी मोजावी लागायची आणि सबसिडी मागाहून बँकेत जमा व्हायची. बँक तालुक्याला. म्हणजे जमा झालेली रक्कम आणायला एक दिवसाची मजुरी बुडवायची. हे कागदावर कुठं दिसत नाही, घरात बसलं की दिसतं.

पण चूल एकाच कारणानं पेटत नव्हती. एकेका कामाचं कारण निराळं होतं. चहा, लेकराचं दूध, पावसात घाईची भाजी गॅसवर. भाकरी, डाळ, आंघोळीचं पाणी, म्हशीचं आंबोण चुलीवर. म्हणजे ‘या घरात गॅस वापरतात का’ हा प्रश्नच चुकीचा होता. प्रत्येक घरात दोन्ही पेटत होतं आणि बाई दिवसभर दोन्हींचा हिशेब डोक्यात मांडत होती. चुलीचंही तसंच. एक भांडं वैलावर सरकवायचं, दुसरं पुढं ओढायचं, निखाऱ्यावर दूध ठेवायचं. तिला मागासलेली म्हणून कसं चालेल? ती सगळ्यात स्वस्त जाळ कुठं वापरायचा ते जाणते.

मग ऋतू. तुरीची काढणी झाली की तुराट्यांचे भारे दारात येतात. कापूस निघाला की पराट्या. त्या दोन-तीन महिन्यांत शेगडीवर लिंबाचं ताटच. पावसाळ्यात सरपण भिजलं की गॅस. मी फक्त उन्हाळ्यात गेले असते तर निबंध वेगळाच झाला असता, आणि चुकीचा झाला असता.

आणि आमच्या भागातलं मोठं कारण, ऊसतोड. अकरापैकी काही घरं दिवाळीच्या पुढंमागं टोळीबरोबर कारखान्यावर जातात. घराला कुलूप, आत गॅस, आणि बाई सहा महिने उसाच्या फडाशेजारी कोपीत, तीन दगड मांडून, पाचटावर भाकरी करते. योजनेच्या कागदावर ती ‘गॅसधारक’ असते. मला हे माहीत नव्हतं असं नाही. माझी सख्खी बहीण तोडीला जाते. पण माहीत असलेली गोष्ट ‘विषय’ असू शकते हे कधी सुचलं नव्हतं. विषय म्हणजे काहीतरी पुस्तकातलं, इंग्रजीतलं, असं डोक्यात बसलेलं.

एका घरची गंमत सांगते. तिथं चार महिने टाकी रिकामी होती. मालक म्हणायचे, सरपण फुकट आहे, कशाला खर्च. मग बायको बाळंतपणाला माहेरी गेली. चुलीपुढं बसून स्वतःचा चहा स्वतः करायची वेळ आली. दोन दिवसांत टाकी आली! हे मी निबंधात गंभीर भाषेत लिहिलं, “इंधनाच्या खरेदीचा निर्णय आणि स्वयंपाकाचे श्रम वेगवेगळ्या व्यक्तींकडे असल्यास” वगैरे. मॅडमनी तिथं समासात टिंब टिंब देऊन एक हसरा चेहरा काढला होता.

त्यांनीच मला रुथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकन बाईंबद्दल सांगितलं. त्यांनी १९८३ मध्ये एक पुस्तक लिहिलं, नावाचा अर्थ साधारण ‘आईला आणखी काम’ असा. त्यांचा विषय होता घरातली उपकरणं. त्यांनी जुन्या काळापासून बघितलं, की अमेरिकेत घरात लोखंडी शेगडी आली तेव्हा कुणाचं काम कमी झालं? सरपण कमी लागू लागलं, आणि तिकडं लाकूड फोडायचं काम पुरुषांचं होतं. म्हणजे पुरुषाचं काम कमी झालं. बाईचं मात्र वाढलं, कारण आता एका भांड्यातल्या जेवणाऐवजी चार पदार्थांची अपेक्षा आली. धुण्याचं यंत्र आलं तर कपडे रोज धुवायची रीत पडली. मी ते ऐकलं आणि म्हटलं, आमच्याकडं सरपण बाई आणते, तेव्हा आमचा हिशेब वेगळा निघेल. बघा, त्यांचं उत्तर आपल्याला लागू पडलं नाही, पण त्यांचा प्रश्न पडला. नवी वस्तू घरात आली तर कुणाचं काम कमी झालं आणि कुणाचं वाढलं? हा प्रश्न तुमची लेक कुठल्याही वस्तूला लावू शकते.

आता एक गोष्ट जी मी निबंधात लिहिली नाही. एका घरची टाकी दर महिन्याला जात होती एका चहाच्या टपरीवर. घरगुती टाकी अशी धंद्याला देता येत नाही, हे त्या बाईंनाही माहीत होतं. त्या पैशातून पोराच्या क्लासची फी भरत होत्या. माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी सांगितलं. माझ्या विषयाला ती माहिती नेमकी लागू होती, लिहिली असती तर निबंध वजनदार झाला असता. पण वस्तीत घरं अकराच. नाव नाही लिहिलं तरी कुणालाही ओळखू आलं असतं. मी दोन रात्री विचार केला आणि ते पान फाडून चुलीत घातलं. आज सांगतेय, कारण ती वस्ती कुठली हे तुम्हाला माहीत नाही आणि त्या बाई आता तिथं राहत नाहीत. विषय निवडताना हेही बघायचं, की आपल्याला उत्तर देणाऱ्या बाईचं त्यात नुकसान होईल का. होणार असेल तर विषय बदलायचा, नाहीतर ते पान तरी गाळायचं.

आणखी एक पान मी वेगळ्या कारणानं गाळलं. आत्यांचा खोकला. घरातल्या धुरामुळं जगात २०२० या एका वर्षात सुमारे ३२ लाख माणसं दगावली असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मला वाटलं, घरोघरचा खोकलाही लिहावा. मॅडम म्हणाल्या, तुम्ही डॉक्टर नाही. खोकला धुराचा, बिडीचा की क्षयाचा हे तुम्ही कसं ठरवणार? हे बरोबर होतं. निबंधात खोकला नाही. पण आत्यांना मी सरकारी दवाखान्यात नेलं आणि चुलीवरचं धुराडं दुरुस्त करून घेतलं. निर्धूर चुलीचं ते धुराडं कधीचं काजळीनं बुजलं होतं, कुणी बघितलंच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, चूल, अकरा घरं, याला काय संशोधन म्हणायचं? तर ऐका. रॉबर्ट जेन्सन म्हणून एक अमेरिकन अर्थतज्ज्ञ. त्यांनी ‘मोबाईलचा जगावर परिणाम’ असा विषय घेतला नाही. त्यांनी केरळच्या उत्तर किनाऱ्यावरचे तारली मासळीचे बाजार घेतले. तिथं १९९७ ते २००१ या काळात टप्प्याटप्प्यानं मोबाईलचे टॉवर उभे राहिले. आधी काय व्हायचं, होडी आपल्याच किनाऱ्याला लागायची. तिथं गिऱ्हाईक संपलेलं असेल तर मासळी समुद्रात फेकून द्यायची, आणि थोड्याच अंतरावरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत जायचं. मोबाईल आल्यावर कोळी होडीतूनच फोन करून विचारायला लागले की भाव कुठं बरा आहे. फेकाफेक जवळजवळ थांबली. कोळ्यांचा नफा वाढला आणि खाणाऱ्याला मासळी थोडी स्वस्तही मिळाली. एक मासळी, एक किनारा, एक वस्तू. २००७ मध्ये छापलेला तो निबंध जगभर वाचतात.

आणि आपल्याच मातीतलं सांगते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरातल्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पिठाच्या गिरण्या येत होत्या, जातं कोपऱ्यात सरकत होतं, आणि जात्याबरोबर पहाटेचं ते गाणंही. महाराष्ट्रभरातून लाखाच्या वर ओव्या जमल्या. त्या ओव्या सांगणाऱ्या आपल्यासारख्याच बाया, बहुतेकींना लिहिता येत नव्हतं. गिरणीनं दळणाचे कष्ट वाचवले, ते चांगलंच झालं, मला काही पुन्हा जातं ओढायची हौस नाही. पण गिरणीनं काय नेलं हाही एक प्रश्न होता, आणि तो वेळेवर विचारला म्हणून ओव्या राहिल्या.

गावातला हापसाच घ्या. पूर्वीचे बिडाचे हातपंप एका कुटुंबापुरते बनवलेले, परदेशी धाटणीचे. अख्ख्या गावानं दिवसभर हापसलं की मोडायचे. आपल्या जालना आणि सोलापूर भागात बोअर पाडण्याचं काम करणाऱ्या मंडळींनी त्यात सुधारणा करून दणकट पंप बनवले, आणि त्याच वाटेनं पुढं १९७० च्या दशकात इंडिया मार्क टू हा हापसा तयार झाला, जो देशाबाहेरही गेला. आमच्या शाळेजवळ तो उभा आहे आणि गेल्या वर्षापासून बंद आहे. तो बंद पडल्यापासून कोणत्या घरची बाई पाण्याला किती लांब जाते, हा एका मुलीचा विषय होऊ शकतो. निबंध ग्रामसभेत वाचताही येईल.

असे विषय दारोदार पडलेत. शेतपंपाची वीज रात्रीची असते. मोबाईलवरून मोटर चालू करायचा स्टार्टर ज्यांनी बसवला, त्यांच्या घरी रात्री विहिरीवर जायचं खरंच थांबलं का? रेशन दुकानात यंत्रावर अंगठा लावावा लागतो. भांडी घासून, खुरपून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचा अंगठा कितव्या खेपेला लागतो? आणि माझ्या मनातला एक, जो कुणीतरी करावा असं मला फार वाटतं. आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बाईच्या पाटीवर आता चौकोनी कोड चिकटवलेला असतो. गिऱ्हाईक मोबाईलनं पैसे देतं. तो कोड कुणाच्या खात्याचा? तिच्या, नवऱ्याच्या की मुलाच्या? रोख पैसे तरी तिच्या कनवटीला होते. आता बाजार उठल्यावर तिच्या हातात काय येतं? मला उत्तर माहीत नाही. म्हणूनच तो विषय आहे. पण वर सांगितलं ते लक्षात ठेवून विचारावा लागेल, पोरगा शेजारी उभा असताना नाही.

आता आयांनो, सासवांनो, तुमच्यासाठी दोन शब्द. मुलगी वही घेऊन गल्लीत फिरायला लागली की लोक बोलतात, काय चौकशा करत हिंडतेय. माझ्याबद्दलही बोलले. कुणी म्हणालं, गॅस बंद करायला सरकारनं हिला पाठवलंय. आत्याच मग पहिल्या चार घरांत माझ्याबरोबर आल्या. ओट्यावर बसून राहायच्या, बोलायच्या काही नाहीत. त्यांच्या नुसत्या बसण्यानं दारं उघडली. तुम्ही तेवढं करा. आणि तिनं तुम्हालाच प्रश्न विचारला तर पाहुण्यांना सांगतो तसं गोडगोड उत्तर देऊ नका, खरं सांगा.

हल्ली मोबाईलला सांगितलं की तो अख्खा निबंध लिहून देतो, असं पोरं म्हणतात. देत असेल. पण काल संध्याकाळी आत्यांनी भाकरी कशावर केली हे त्याला विचारून बघा.

माझ्या निबंधाला मार्क बरे मिळाले, फार नाही. मॅडमनी शेवटी लिहिलं की पुरुषांना प्रश्न विचारायचे राहिले आहेत. खरंच राहिले होते. टाकी कधी आणायची ते ज्यांच्या हातात, त्यांना मी एकदाही विचारलं नाही. सगळी दुपारची फेरी, आणि दुपारी ते घरी नसायचे. गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतली एक पोरगी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची, विषय मागायला आली. मी तिला माझी जुनी वही दिली आणि म्हटलं, यात जे राहिलंय तिथून सुरू कर, पण संध्याकाळी जा. ती कालपर्यंत चार घरी जाऊन आलीय. एका घरी तिला विचारलं म्हणे, तुझ्या बापाला आधी विचार. तिनं घरी जाऊन बापाला विचारलं. काय उत्तर मिळालं ते अजून सांगत नाही, आधी लिहिते म्हणाली.

आणखी कुणाच्या लेकीसुनेचं असं काही अडलं असेल तर तिला गटाच्या बैठकीला घेऊन या. सोबत कोरी वही आणा, आणि एक ओळ लिहून आणा, आपल्या बोलीत. बैठक संपली की अर्धा तास मी बसेन.